साशंक फुई

माझी फुई, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, कुठल्याच गोष्टीला एकदम हो म्हणत नसे. अंगणातली मिरची खडखडीत वाळलेली असली तरी ती एक उचलून कानाशी हलवी. आत बी वाजले की म्हणे, "वाजस तं खरी. पन पाहू." आणि मिरची आणखी एक ऊन खाई.

चौथीत मास्तरांनी 'साशंक' शब्द दिला. साशंक म्हणजे मनात शंका असलेला. वाक्यात उपयोग करा. मी लिहिले, "मिरची साशंक आहे." मास्तर हसले. "अगं, मिरचीला कसली शंका? साशंक माणूस असतो." मग मी लिहिले, "माझी फुई साशंक आहे." घरी येऊन तिला सांगितले. तिने विचारले, "मंग हाई चांगलं शे का वाईट?" ते मास्तरांनी सांगितले नव्हते.

पुढे माझी शाळा कायमची सुटली आणि शहाद्याकडचे स्थळ आले. कापसाची जमीन, मुलगा एकुलता. आमच्यात सुपारी फोडली की सोयरीक पक्की, मग माघार नाही. सुपारीच्या दिवशी फुईने मुलाला ठेचा वाढला आणि विचारले, "तिखट लागनं का रे, भाऊ?" मुलगा आपल्या काकाकडे पाहू लागला. काका म्हणाला, "त्याले चालस तिखट." फुईने पुन्हा विचारले. पुन्हा काकाच बोलला. झाले, फुईने तबकातली सुपारी उचलून मुठीत धरली.

"आक्का, फोडू दे ना," वडील म्हणाले.

"थांब. माले समजी नई ऱ्हायनं."

"काय समजी नई ऱ्हायनं?"

"तेच तं समजी नई ऱ्हायनं."

काका वडिलांवर भडकला. "पोर तुम्हनी शे का या बाईनी?" पाहुणे उठून गेले. वडील कितीतरी दिवस फुईशी बोलले नाहीत. मी दाराआड उभी होते. रडावे की सुटले म्हणावे, मला कळेना. तो मुलगा पुढे चांगला निघाला असे कोणी सांगे, कोणी नेमके उलटे.

नंतर खापर गावी माझे लग्न ठरले. वडिलांनी फुईला आधीच बजावले होते. या वेळी तिने सुपारीला हात लावला नाही. सासरी निघताना मी तिचा पदर धरला. "फुई, त्या पोऱ्यामा काय व्हतं?"

"माले तवय बी समजनं नई, माय."

"आनि हाई घर?"

तिने पदर सोडवला. "हाई बी नई समजनं. समजीसन कोन जास? तू जाय."

गाडी हलली. मी मागे पाहिले. फुईने हात वर केला होता. निरोप देत होती की थांब म्हणत होती, ते धुळीत मला दिसले नाही.