पाच नंबरची सीडी

मशीन खोलून परत बंद केली की एखादा स्क्रू उरतोच. राजूरच्या आमच्या कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात अशा स्क्रूंनी एक बिस्किटाचा डबा भरला होता. किस्सेही तसेच उरत गेले. आज फक्त एका सीडीचा सांगतो, कारण त्यात मी गाढव ठरलो आणि रऊफभाई उस्ताद!

रऊफभाई माझे पार्टनर. आधी घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करायचे. इंग्रजी वाचता यायचं नाही, पण स्क्रीनवर काय बिघाड आलाय ते ओळींच्या संख्येवरून सांगायचे. "दोन ओळी आल्या म्हंजी डिस्क जिंदा हाये. एकच आली तं बोंबला!" मी डिप्लोमावाला. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर टांगलेलं.

*

टेंभुर्णीचे एक रिटायर्ड गुरुजी जीपमधून आपला जुना कॉम्प्युटर घेऊन आले. गोधडीत गुंडाळलेला, वरून दोरी. मी म्हटलं, "गुरुजी, पेशंटला थंडी वाजते का?"

गुरुजी हसले नाहीत. सहा वर्षं गावोगाव फिरून त्यांनी म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवल्या होत्या. वह्यांना वाळवी लागली म्हणून सगळ्या या मशीनमध्ये टाइप केल्या आणि आता मशीन सुरूच होईना. "यातल्या निम्म्या बायका आता राहिल्या नाहीत हो," ते म्हणाले.

शहरातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, फॉरमॅट मारा. म्हणजे सगळं पुसून टाका! रऊफभाई स्टुलावरून उठलेच. "फॉरमॅट बिलकुल न्हाई. हिची सिस्टीम झोपलीय, आपण सीडीवर दुसरी सिस्टीम लिहून हिला तिच्यावरून उठवू."

*

सीडी लिहायचं यंत्र होतं जालन्याच्या एका फोटो स्टुडिओत. आम्ही एसटीनं गेलो. सीडी लिहिताना टेबल हलायला नको म्हणून रऊफभाई चपला काढून स्टुडिओच्या दारात आडवे उभे राहिले. तेवढ्यात फोटोसाठी एक नवरदेव आला, मुंडावळ्यांसकट!

"दहा मिनिट थांबा," रऊफभाई म्हणाले. "लगन काय, तुमच्याबिगर लागत न्हाई. सीडी मात्र बिघडली तं गेली!"

नवरदेव उन्हात थांबला. वरात पण थांबली.

*

जुन्या मशीनला घाईनं लिहिलेली सीडी वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक खेपेला आणखी हळू लिहायची. अशा पाच सीड्या झाल्या. रऊफभाईंनी मार्करनं त्यांच्यावर उर्दूत नंबर टाकले. एकही चालली नाही. मी डिप्लोम्याच्या अधिकारात निकाल दिला, "सीड्याच भंगार आहेत."

त्याच दुपारी सोजरबाई आल्या. शेजारच्याच शिवारात त्यांचा शाळू उभा होता. "भाऊ, खराब चकत्या हायेत का? चमकल्या की पाखरं बसत न्हाईत." मी पाचही देऊन टाकल्या. पुण्यच की!

*

चार दिवसांनी रऊफभाई मशीनसमोर बसून म्हणाले, "ही दर बारीला एकच जुनी तारीख काऊन दाखवून राह्यली?"

घड्याळवाल्याची नजर! तारीख आणि सूचना लक्षात ठेवणारा आतला बटणाएवढा सेल संपला होता. 'आधी सीडीवरून सुरू हो' असं मी मशीनला बजावायचो, स्विच बंद करायचो, आणि परत चालू करेपर्यंत ती सगळं विसरलेली असायची. सीड्या बिचाऱ्या निर्दोष होत्या.

"डिप्लोम्यात सेल शिकवत न्हाईत का?" रऊफभाईंनी विचारलं. मी भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहायचं टाळलं. नव्या सीडीसाठी जालन्याला फोन केला तर स्टुडिओचं यंत्र बिघडून दुरुस्तीला गेलेलं!

मग काय, निघालो शाळूत. सगळ्यात हळू लिहिलेली पाचवीच सीडी हवी होती. ती दोरीला टांगलेली, वाऱ्यावर गरगरत होती, आणि पाखरांनी तिच्यावर आपलं मत नोंदवलेलं होतं.

सोजरबाई म्हणाल्या, "न्या. पन चाललं काय हे?"

मी ओव्यांचं सांगितलं. "अगं बया! गुरुजी आमच्या दारी पन आल्ते. माह्या सासूबाईंनी म्हनल्या होत्या, जायच्या आधी. थांबा, मी पन येते."

*

दुकानात गुरुजी आधीच येऊन बसले होते. रऊफभाईंनी नवा सेल बसवला, सीडी धुऊन, रुमालानं पुसून आत सरकवली. घरघर झाली. एक ओळ आली. मग दुसरी आली.

"जिंदा हाये!" रऊफभाई ओरडले. मला इतका अभिमान वाटला की मी त्यांना मिठीच मारली. गुरुजी चष्मा काढून डोळे पुसत बसले.

सगळ्या ओव्या आम्ही दुसऱ्या मशीनवर उतरवून घेतल्या. मग गुरुजींनी सोजरबाईंच्या सासूबाईंचं पान उघडून वाचायला घेतलं. तिसऱ्या ओळीला सोजरबाईंनी हात वर केला. "थांबा गुरुजी. सासूबाई इथं लेकीचं नाव घ्यायच्या. लेकाचं कुनी घातलं?"

गुरुजींनी जीभ चावली आणि तिथल्या तिथे दुरुस्त केलं. सोजरबाईंनी पूर्ण पान ऐकलं, पदर तोंडाला लावून.

जाताना त्यांनी सीडी मागितली. मी म्हटलं, "पाखरांसाठी दुसरी देतो की."

"पाखरांसाठी न्हाई. सासूबाई हायेत त्याच्यात. देवापाशी ठेवीन."

मी रऊफभाईंकडे पाहिलं. ओव्या मशीनमध्ये असतात, सीडीत नाही, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. एवढ्या खेपा घालून बनवलेली, दुकानातली ती एकुलती एक सीडी त्यांनी पुन्हा रुमालानं पुसली आणि दोन्ही हातांनी सोजरबाईंच्या पदरात ठेवली.

"जपून न्या, अम्मा," ते म्हणाले.