पुढच्या वर्षीचं इंजिन

शुक्रवारची दुपार होती, मी पोळ्या लाटत होते. फोन ह्यांनी घेतला, ऐकला आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला. पलीकडे माझी धाकटी जाऊ, सुनीता. "ताई, हे उठत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. जेवून सोफ्यावर आडवे झालेले आमचे नंदूभाऊजी चहाच्या वेळी उठलेच नाहीत. शारजाच्या अल नहदामधल्या त्यांच्या घरी आम्ही पोहोचलो तोवर सगळं संपलं होतं. अशा वेळी पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझी नाही सरकली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. शेजारपाजारचे हळू आवाजात म्हणत होते, किती अचानक गेले हो! अचानक? डॉक्टरांनी बायपास करा म्हणून सांगितल्याला वर्ष उलटून गेलं होतं. आज काही आठवडे झाले, चिपळूणला जाऊन दिवसकार्य करून आलो, तरी माझा राग जागचा हललेला नाही. गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहावं असा रिवाज आहे. मी खरं लिहिणार आहे, त्यात चांगलंही येईलच.

नंदूभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. नव्वद सालानंतर दुबईला आलो तेव्हा दोघा भावांनी मिळून ट्रेलर ओढून नेण्याचा धंदा काढला. अरबांच्या बोटी दुरुस्तीच्या यार्डातून समुद्रावर न्यायच्या, थंडीत वाळवंटातल्या तंबूंसाठी कॅराव्हॅन पोचवायच्या, बांधकामांवर मोठे जनरेटर न्यायचे. अल मनखूलला आमच्या घराखालीच ऑफिस होतं, ते मी बघायची. गाडी एकच, एक अमेरिकन पिकअप, पेट्रोलवर चालणारी आणि पेट्रोल पिणारीसुद्धा. आणि भाऊजींचं सगळं आयुष्य त्या गाडीच्या पुढच्या गाडीत! जुन्या मासिकांच्या दुकानातून अमेरिकन गाड्यांची मासिकं आणायचे आणि शुक्रवारी संध्याकाळी त्या दुरुस्तीच्या यार्डात दरबार भरवायचे. तिथले चार ड्रायव्हर, दोन मेकॅनिक, कधी एखादा बोटवाला. कोणीतरी विचारायचं, "बोलो नंदूशेठ, आगे क्या आने वाला है?" झालं! डिझेल आता पूर्वीचं राहणार नाही, प्रचंड दाबानं फवारणार, पेट्रोलपेक्षा शांत चालणार. उतारावर इंजिनच गाडीला धरून ठेवणार, ब्रेकवर पाय ठेवायला नको. मागे किती वजन आहे हे गाडी स्वतः ओळखणार. ट्रेलरलाच स्वतःची मोटर असणार, पुढच्या गाडीनं फक्त रस्ता दाखवायचा. मला म्हणायचे, "वहिनी, लोक घोडे मोजतात, हॉर्सपॉवर हॉर्सपॉवर करतात. आपल्याला घोडे नकोत, ओढ पाहिजे." बोलताना असे रंगून जायचे की मीही चहाचा ट्रे हातात धरून उभी राहायची. ते खोटं नाही सांगत. ऐकायला फार गोड माणूस होता.

पण गाडी घ्यायची वेळ आली की घोडं अडायचं. त्याला भाऊजींचा एक नियम होता आणि तो त्यांनी अख्ख्या यार्डाला पाठ करून घेतला होता. नवीन इंजिन आलं की पहिल्या वर्षी दुसऱ्यांनी घ्यावं. दुसऱ्या वर्षी त्याच्या चुका बाहेर पडतात. तिसऱ्या वर्षी आपण घ्यावं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं ना? पण तिसऱ्या वर्षी त्याहून चांगलं काहीतरी येऊ घातलेलं असायचंच, मग हरदासाची कथा मूळपदावर. एकदा भर जुलैत डोंगरापलीकडच्या किनाऱ्यावर, खोरफक्कानला, एक बोट पोचवायची होती. सुनीता आणि मी समुद्र बघायला म्हणून सोबत निघालो. डोंगराच्या चढावर इंजिननं वाफ सोडली आणि गाडी थांबली. चारी बाजूंनी तापलेले काळे दगड, दोन बकऱ्या आणि मध्ये आमची पांढरीशुभ्र बोट! येणारा जाणारा गाडी हळू करून हसत होता. एका म्हाताऱ्या अरबानं काच खाली करून विचारलं, "हबीबी, वेन बहर?" म्हणजे बाबा रे, समुद्र कुठाय? मी ओरडले, "भाऊजी, ही गाडी आता भंगारात घाला आणि उद्याच्या उद्या नवीन आणा." तर हा माणूस बॉनेट उघडून, हाताला फडकं गुंडाळून, शांतपणे म्हणतो, "वहिनी, ह्याला शिव्या नका देऊ. हे बिचारं मधल्या काळात जन्मलंय. खरं इंजिन अजून यायचंय." सुनीता बोटीच्या सावलीत बसून पदरानं वारा घेत होती. नवऱ्याला चारचौघांत ती कधीच काही बोलायची नाही.

मग छातीत दुखायला लागलं. जिना चढताना थांबायला लागले, तेव्हा मीच हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. अँजिओग्राफी झाली. तीन ठिकाणी अडथळे, बायपास करावी लागेल, उशीर नको, असं त्यांनी सरळ सांगितलं. कुठलाही माणूस अशा वेळी विचारील की मी जगेन ना? आमच्या भाऊजींनी विचारलं, "डॉक्टर, ह्याच्या पुढे काय येणार आहे?" डॉक्टर तरुण होते, हौशी होते. सांगत बसले, की आता रक्तवाहिनीत बसवायच्या औषध लावलेल्या जाळ्या येताहेत, पुढे कदाचित छाती न उघडताच बरंच काही करता येईल. मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होते, की बाबा, गप्प बस, ह्या माणसाला हे सांगू नकोस. त्यांच्याही लक्षात आलं असावं. घाईनं म्हणाले, "पण मिस्टर नंदकुमार, तुमच्या केसमध्ये वाट बघण्यात अर्थ नाही." ते वाक्य भाऊजींच्या कानात शिरलंच नाही. लिफ्टमध्येच त्यांनी नियम काढला. जाळी आत्ता आली, म्हणजे पहिलं वर्ष. मी म्हटलं, हृदय म्हणजे पिकअप नाही. हसले. ह्यांना म्हटलं, तुम्ही थोरले आहात, दटावून सांगा. तर हे म्हणाले, "त्याचं त्याला कळतं." काय कळत होतं? तोपर्यंत त्यांच्या छोट्या मुलीच्या, ईशाच्याही तोंडी ते बसलं होतं. बाबा ऑपरेशन कधी करणार, असं विचारलं की पोर सांगायची, "काकू, बाबा सेज नेक्स्ट इयर."

शेवटी मी आणि सुनीतानं भांडभांडून तारीख घेतली. शनिवारी सकाळी भरती व्हायचं होतं. बॅग भरून दारात ठेवलेली, आणि भाऊजी गायब! कुठे असतील हे मला सांगावं लागलं नाही. आम्ही दोघी टॅक्सी करून शोरूमवर गेलो. मागच्या आवारात नवीन पिकअप उभी होती, नवं डिझेल इंजिन चालू होतं आणि भाऊजी उघड्या बॉनेटवर वाकून, डोळे मिटून ऐकत होते. मला बघून दचकले नाहीत, उलट हात केला. "वहिनी, या या, ऐका! डिझेल आहे, विश्वास बसतो का? मी बोललो होतो ना?"

"भाऊजी, हॉस्पिटलात बेड थांबलाय. यल्ला, चला."

"आज मूड नका घालवू. गणपती झाले की जातो. नाहीतर इन्शाल्ला पुढच्या वर्षी दोन्ही कामं खलास. ही गाडी पण, ऑपरेशन पण."

"मग ही गाडी तरी आज घ्या," मी म्हटलं. "काहीतरी एक आज करा!"

"ही? पहिल्या वर्षाची?" त्यांना खरंच धक्का बसला होता. "वहिनी, तुम्ही पण ना..."

मी सेल्समनसमोर वाट्टेल ते बोलले. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. सुनीता मात्र बॅग छातीशी धरून टॅक्सीत जाऊन बसली. गणपती आले, गेले. पालथ्या घड्यावर पाणी.

भाऊजी गेल्यावर दरबारी मंडळी भेटायला आली. एक जण डोळे पुसत म्हणाला, "भाभीजी, नंदूशेठ फ्यूचर का आदमी था." माझ्या तोंडाशी आलं होतं, की तुम्हीच त्याला तिकडे बसवून ठेवलंत, दर शुक्रवारी, चहा पीत. आजचा एक दिवस त्याला कोणी विचारला नाही. पण घरात पोर होती म्हणून जीभ आवरली.

गेल्या आठवड्यात सुनीतानं मला कपाट आवरायला बोलावलं. खालच्या कप्प्यात शर्ट होते. दर दिवाळीला, दर वाढदिवसाला आम्ही सगळ्यांनी दिलेले, सगळे जसेच्या तसे, प्लास्टिकच्या पाकिटात. चांगले आहेत, पुढे घालू, म्हणून ठेवलेले. सुनीता एकेक पाकीट फाडायला लागली. कॉलरमधले पुठ्ठे, टाचण्या, सगळं जमिनीवर. इतक्या वर्षांत मी तिला असं पाहिलं नव्हतं. "मूर्ख माणूस," ती म्हणाली, आणि परत म्हणाली. मग एक आकाशी शर्ट माझ्या हातात कोंबला. "दादांना घालायला सांगा. आणि छाती तपासून आणा त्यांची. सख्खे भाऊ आहेत. उद्या नाही ताई, आज."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "बघू, पुढच्या आठवड्यात." मी पेपर हातातून काढून घेतला. काय बोलले ते छापण्यासारखं नाही. घड्यांच्या रेघांसकट तो शर्ट त्यांच्या अंगात चढवला आणि क्लिनिकमध्ये नेऊन ईसीजीच्या टेबलावर झोपवलं. नर्सनं बटणं काढून शर्ट बाजूला सारला तसे हे एकदम कळवळले. बाहीच्या शिवणीत एक टाचणी राहिली होती, ती दंडात टोचली. ती त्यांनी चिमटीत धरली, तिच्याकडे बघितलं आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच रडायला लागले, मोठ्यानं, लहान मुलासारखे. नर्स घाबरून थांबली. म्हणाली, "मॅडम, थोडी देर बाद करेंगे?"

"नाही," मी म्हटलं. "रोने दो. आप मशीन लगाओ."