बुटाला रंग लागेल

मी पाया पडायला वाकले आणि शेठने बूट मागे घेतला.

"हात धुतलेस ना? बुटाला रंग लागेल."

खोलीतले सगळे हसले. माझे गाइडसरही हसले.

माझे वडील पलसाण्याच्या डाइंग हाउसमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, कामाला आहेत. आबांचे हात पाहिले की त्या दिवशी कारखान्यात कुठला रंग चालू होता ते आम्हाला कळतं. माझे हात स्वच्छ होते. तरी मी ओढणीला पुसले. ते पुसणं मला अजून छळतं.

ती संशोधन निधीची बैठक होती. माझा विषय: रंगखात्यातल्या मजुरांचा श्वास. शेठ आबांच्याच प्रोसेस हाउसचा मालक. नव्या कायद्याने विद्यापीठावर जे मंडळ आलं, त्यात नेमलेला. मोठ्यांसमोर वाकायचं, हे मी नंदुरबारकडच्या शाळेत शिकले. घरातली पहिली पदवीधर. विद्यापीठाचे उपकार मानत आले. शिपायालाही थँक यू म्हणायचे.

शेठने विषय वाचला. मग शांतपणे विचारलं, "तारा बापने पगार कोण आपे छे?"

तुझ्या बापाला पगार कोण देतो, म्हणजे. विषय बदल, कारखान्यातली पाणीबचत घे, निधी लगेच मिळेल, असं ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं. बाहेर आल्यावर सर हळूच म्हणाले, "हा पाडी दे ने, बेटा." हो म्हणून टाक.

तक्रार कुणाकडे करायची, विचारलं. सर म्हणाले, कुणाकडे करणार? पूर्वी सिनेट होती. प्राध्यापक निवडून यायचे, पदवीधरही यायचे. आता सगळे वरून नेमलेले.

पदवीधर? मी थांबले. त्यांना कोण निवडायचं?

"पदवीधरच. नाव नोंदवलं की मत मिळायचं."

म्हणजे ज्या पदवीला मी भीक समजून कपाळाला लावत होते, तिच्याबरोबर एक मत येत होतं. माझं. माझ्या हातात पडण्याआधीच ते काढून घेतलं. आणि मी त्याच लोकांच्या पायाशी वाकले होते.

घरी सगळं सांगितलं. बुटाचंही. आबांचे हात त्या दिवशी जांभळे होते. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग तू काय बोलनी?"

काहीच नाही, म्हटलं. तुमचं काम जाईल.

आबा भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "मनं मी दखसू. तू तुनं दख." माझं मी बघेन, तू तुझं बघ.

दुसऱ्या बैठकीला गेले. शेठचा बूट सवयीने जरा पुढे आला. मी उभी राहिले.

"विषय तोच आहे," म्हटलं.

शेठ हसला नाही. सर खिडकीबाहेर बघत बसले. निधी नाकारला. कारण विचारलं, तर मंडळाचा निर्णय, एवढंच.

ठीक. सुट्टीच्या दिवशी पलसाण्याला जाते, मजुरांच्या खोल्यांवर. कोण किती चालल्यावर दम लागून बसतो, कोणाला उशी लावूनही झोप येत नाही, विचारते. आबा पुढे असतात म्हणून दारं उघडतात. आबांचं काम अजून आहे. उद्याचं माहीत नाही.

विषय हाच राहील. निधीसाठी पुन्हा त्याच खोलीत जाईन, उभी राहून मागेन. आणि माझं मतही मागेन, जाहीर, पदवीधर म्हणून.

ते मिळेपर्यंत मी या विद्यापीठात कुणाचे आभार मानणार नाही.