शिक्षकाच्या मदतीशिवाय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि तिच्यापासून मी दुसरं फारसं काही लपवलं नव्हतं. सांगायचं राहून गेलं असं म्हणालो तर तेही खोटंच होईल. राहून गेलं नाही — मी टाळलं. जवळजवळ चाळीस वर्षं टाळलं, आणि टाळण्याची इतकी सवय झाली की मधूनमधून वाटायचं, असं काही घडलंच नसावं.

मग आता का? आमच्या हायस्कुलाची स्मरणिका निघते आहे. त्या कामासाठी दोन तरुण शिक्षक घरी आले होते. शाळेच्या जुन्या दप्तरात त्यांना माझा एक अहवाल सापडला होता, ऐंशीच्या दशकातला, टंकलिखित, सहा पानांचा. त्यातला एक म्हणाला, "सर, यंत्रमानव आणि कृत्रिम बुद्धिमत्ता शिक्षकांची जागा घेतील का, यावर आज सगळे भांडतायत. तुम्ही तर तेव्हाच सिद्ध करून दाखवलंत." अहवाल जसाच्या तसा छापायचा, असं त्यांचं ठरलं होतं. मी चहा दिला. हो म्हणालो. ते गेल्यावर मात्र तो कागद मांडीवर घेऊन बसलो — आणि उठवेना.

गाव आमचं रत्नागिरीहून आरे-वारेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. निम्मी वस्ती खाडीकाठी, मच्छीमारांची नि खलाशांची. निम्मी वर कातळावर, कलमांच्या बागांतून. वरच्या वर्गांना गणित-विज्ञान मी शिकवायचो. आठवीचं गणित होडेकरबाईंकडे होतं. बाई खाडीकाठच्याच, कोकणी मुसलमान घरातल्या. त्यांचा नवरा आखातात कामाला होता. तो पाठीचं दुखणं घेऊन परत आला, तेव्हापासून पडवीतल्या खाटेवर पडून असायचा. दोन लहान मुली. घर बाईंच्या नोकरीवर, आणि नोकरी तात्पुरती. म्हणजे असं, की एप्रिलअखेर नेमणूक संपायची आणि जूनमध्ये शाळा उघडताना संस्थेचं नवं पत्र हातात पडलं तरच पुढचं वर्ष. त्या पत्राला आम्ही 'जूनचा आदेश' म्हणायचो. सहा वर्षं बाईंना तो मिळत आला होता.

त्या सुमारास संस्थेच्या अध्यक्षांनी मुंबईच्या एका देणगीदाराकडून शाळेसाठी कॉम्प्युटर मिळवला. आजची मुलं बघून हसतील त्याला. एक जाड कळफलक, तो टीव्हीला जोडायचा. प्रोग्राम टेपरेकॉर्डरवरच्या कॅसेटमधून चढवायचा. चढताना तो किरकिरायचा, आणि मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. मराठी अक्षरं त्यात नव्हती. मी मुंबईला जाऊन आठ दिवस शिकून आलो आणि रोमन अक्षरांत मराठी लिहून गणितांचा प्रोग्राम स्वतः तयार केला. पडद्यावर गणित यायचं. मुलाने उत्तर दाबायचं. यंत्र म्हणायचं, बरोबर. नाहीतर म्हणायचं, चूक, परत कर. एवढंच. पण गावातली माणसं खिडकीशी उभी राहून ते बघायची. मला 'कॉम्प्युटर सर' म्हणू लागली. आणि मला ते आवडलं — फार आवडलं. चाळिशी उलटली तरी तोवर मला कुणी कशासाठीच ओळखलं नव्हतं.

अध्यक्ष आंब्याचे व्यापारी, बोलायला मोकळे. एक दिवस म्हणाले, "मास्तर, हे यंत्र गणित शिकवतं, तर बाई कशाला ठेवायची? यंत्राला आजारी नवरा नाही, पोरीबाळी नाहीत, आणि जूनला कागद मागायला ते माझ्या दारात उभं राहत नाही."

मी हसलो. हसलो, हे इथे लिहून ठेवतो.

मग प्रयोग ठरला. आठवीच्या वर्गाचे दोन भाग करायचे. विषम हजेरीक्रमांकाची मुलं यंत्रापुढे, सम क्रमांकाची बाईंच्या तासाला. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरुवात, होळीच्या आसपास दोन्ही भागांची एकच परीक्षा. यंत्राची मुलं पुढे गेली तर बाईंना जूनचा आदेश निघणार नाही. अध्यक्ष म्हणाले, "बाईंना आत्ता यातलं काही नको. उगाच त्यांचं चित्त उडेल." मी बाईंना एवढंच सांगितलं की यंत्राची चाचणी आहे. त्यांनी खडूचे हात झटकले नि म्हणाल्या, "बघूया तर, तुमची मशीन किती हुशार ती."

पहिला महिना यंत्राची मुलं बुडत होती. गुणोत्तर-प्रमाण आलं नि पार अडली. चूक, परत कर. चूक, परत कर. मुलांनी त्यावर युक्ती काढली: एकापासून सगळे आकडे दाबत जायचं, कधीतरी 'बरोबर' येतंच. हे मी समोर बसून बघत होतो. अहवालात काय लिहू, या विचाराने मला जेवण जात नव्हतं. कुणासाठी? मुलांसाठी? नाही हो. माझ्यासाठी.

जानेवारीत ती मुलं एकाएकी सुधारली. बरीचशी गणितं पहिल्या फटक्याला सुटू लागली. मी अध्यक्षांना सांगितलं, यंत्राची सवय व्हायला वेळ लागतो, आता झाली. मला तसंच वाटत होतं. त्या दिवसापर्यंत तरी — खरंच तसंच वाटत होतं.

मग एका संध्याकाळी, उन्हं उतरताना, हजेरीपटावर सही घ्यायला मी बाईंच्या घरी गेलो. पडवीत खाटेवर नवरा, खाली सारवलेल्या जमिनीवर नऊ-दहा मुलं. सगळी विषम क्रमांकाची. प्रत्येकाच्या वहीत यंत्रावरची गणितं उतरवलेली, चुकलेल्यापुढे फुली. मधोमध बाई. पुढ्यात बांगडा मासळीची टोपली, आणि त्या एकेक बांगडा जमिनीवर मांडून होडीतल्या मासळीची वाटणी करत होत्या. होडीचे दोन वाटे, जाळ्याचा एक, होडी हाकणाऱ्या तांडेलाचा दीड, बाकी खलाशांचा एकेक. सुगंधा नावाची एक मुलगी होती, बाप खलाशी. तिला त्यांनी विचारलं, "तुझ्या बापसाला किती मिळाले?" तिने बांगडे न मोजता सांगितलं. मग बाईंनी तिच्या वहीतलं फुली मारलेलं गणित तिच्यापुढे सरकवलं. सुगंधा ते वाचत राहिली. "ह्या ताच की," ती म्हणाली, आणि पेन्सिल मागून घेतली. आठ दिवस यंत्रापुढे तिने त्याच गणितावर आकडे दाबले होते.

बाईंनी मला पाहिलं. घरी त्या गावच्या बोलीत बोलायच्या. "या सर. तुमची मशीन नुसती चूक म्हनते. कुठं चुकला ता कोन सांगनार? पोरा आली रडत, मग काय घालवून देऊ?"

खाटेवरून नवरा म्हणाला, "सर, मशीनला पन धाडा हिच्याकडं शिकवनीला."

सगळे हसले. मीही. निघताना बाई बेड्यापर्यंत, कुंपणाच्या फाटकापर्यंत आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "पोरांना ओरडू नका हां. त्यांची काय चूक नाय."

तुम्हीच बघा आता. ज्या प्रयोगावर त्यांची भाकरी टांगलेली होती त्यात त्या, ठाऊक नसताना, दुसऱ्या बाजूच्या मुलांना पुढे काढत होत्या. आणि हे ठाऊक असलेला माणूस त्यांच्या दारात उभा होता. काय लागलं असतं मला? दोन वाक्यं. बाई, हे थांबवा. यात तुमचा आदेश अडकला आहे. किंवा त्यांना नाही तर अध्यक्षांना — साहेब, मुलं यंत्रावर शिकली नाहीत, बाईंच्या पडवीत शिकली. मी सही घेतली आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी बोललो नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मग होळी आली.

परीक्षेत यंत्राची मुलं पुढे गेली. जाणारच. सम क्रमांकाच्या मुलांना नुसत्या बाई होत्या. यांना यंत्रावरचा सरावही होता आणि बाईही. हेच लिहिलं असतं तरी तो चांगला अहवाल झाला असता. कदाचित उपयोगाचाही. पण मी जे लिहिलं ते हे. सहा पानांत बहुतेक सगळं खरं आहे. गुण खरे, तासिका खऱ्या, वीज गेलेले दिवससुद्धा खरे. खोटं एकच वाक्य आहे, चौथ्या पानावर: 'सदर विद्यार्थ्यांनी ही प्रगती शिक्षकाच्या कोणत्याही मदतीशिवाय साधली आहे.' ते टंकताना एक अक्षर चुकलं होतं. मी कागद काढला, नवा घातला आणि पान पुन्हा टंकलं. म्हणजे ते वाक्य मी दोनदा लिहिलं. घाईत लिहिलं, असं मला म्हणता येत नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. आदेश हातात पडेपर्यंत वर्गावर जायचं नाही अशी रीत होती. म्हणून बाई शिक्षकांच्या खोलीत बाकाच्या टोकाला बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. घंटा झाली, सगळे वर्गावर गेले. मी खडू विसरलो होतो म्हणून परत आलो. त्यांनी विचारलं, "सर, माझा आदेश आला नाही अजून. तुम्हाला काही ठाऊक?"

"ऑफिसात विचारा," मी म्हणालो, आणि खडू घेऊन वर्गावर गेलो.

ऑफिसात त्यांना पत्र दिलं गेलं. नेमणूक पुढे न चालवण्याचं कारण त्यात होतं, आणि कारण म्हणून माझ्या अहवालातलं तेच वाक्य उतरवलेलं होतं. बाईंनी ते वाचलं. म्हणजे त्याच दिवशी त्यांना कळलं — मी पडवीत येऊन काय पाहिलं आणि नंतर काय लिहिलं. त्या मला विचारायला कधी आल्या नाहीत. आल्या असत्या तर? मी पुन्हा काहीतरी खोटं बोललो असतो, याची मला खात्री आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो. पुढच्या वर्षीची आठवी पूर्णपणे यंत्राकडे गेली. त्या मुलांना जायला पडवी नव्हती. ती नुसते आकडे दाबत राहिली. वार्षिक परीक्षेत निम्मा वर्ग नापास झाला असता. मी प्रश्नपत्रिका सोपी काढली. खाऱ्या हवेने दोन वर्षांत यंत्राला गंज धरला, कॅसेटींवर बुरशी आली आणि ते कपाटात गेलं. बाईंना परत बोलावण्याचा विषय कुणी काढला नाही. मीही नाही. तोवर मी मुख्याध्यापक झालो होतो. काढला असता तर कदाचित चाललाही असता.

यंत्राने शिक्षकाची जागा घ्यावी का, हे मला विचारू नका. मला खरंच ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायची एक संधी माझ्या हातात होती, ती मी नासवली. यंत्राचा त्यात दोष नव्हता. त्याला चूक आणि बरोबर एवढंच येत होतं, आणि तेवढं ते नेहमी खरं सांगायचं. स्मरणिकेच्या त्या दोन शिक्षकांना मी कळवलं आहे — अहवाल छापू नका, छापायचाच असेल तर हे सोबत छापा.

बाई आता नाहीत. काही वर्षांपूर्वी गेल्या. नोकरी गेल्यावर ते कुटुंब हर्णेला, नवऱ्याच्या भावाच्या आसऱ्याला गेलं होतं, आणि तिथे बाई सुकी मासळी विकायच्या. एकदा, निवृत्त झाल्यावर, मी तिथे गेलो होतो. फक्त त्यासाठीच गेलो होतो. दापोलीहून एसटीत बसल्यावर वाक्यं मनात जुळवली: बाई, ती मुलं तुम्ही शिकवलीत. मला ते ठाऊक होतं, तरी मी खोटं लिहिलं. मी क्षमा मागायला आलोय. बंदराजवळ त्यांची जागा सापडली. पुढे बोंबील, जवळा, सोड्यांच्या टोपल्या, मागे पाटावर बाई, केस पूर्ण पांढरे. त्यांनी मला लगेच ओळखलं. बसायला खोकं दिलं. मोठी मुलगी नर्स झाली, धाकटीचं लग्न झालं, नवरा वारला, हे सांगितलं. शाळेचं काही विचारलं नाही. मग बोलणं संपलं. त्यांनी हातातला तराजू खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत थांबल्या.

"बोला सर," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "अर्धा किलो सोडे द्या."