दुधाळ सोफा आणि दहा वर्षांखालील मंडळी

माझ्या भाचीच्या ब्राइडल शॉवरला लहान मुलं आणायची नाहीत, असा नियम मी केला आणि तो शंभर टक्के पाळला गेला. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

ब्राइडल शॉवर म्हणजे आपलं केळवणच हो! फक्त रांगोळीच्या जागी फुगे आणि जेवणाआधी दीड तास फोटो. पल्लवी माझ्या ताईची एकुलती एक लेक. ताईचं गारखेड्यातलं घर लहान, म्हणून कार्यक्रम पुंडलिकनगरला आमच्या फ्लॅटमध्ये ठरला. "आमचा हॉल मोठा आहे," असं मी सगळ्यांना सांगितलं. खरी गोष्ट अशी, की त्या हॉलमध्ये नवा सोफा आला होता. दुधाळ पांढरा! घेताना दुकानदारानं विचारलं होतं, "ताई, घरात लेकरं नाहीत ना?" मी म्हटलं, "एकच आहे. शाळेतनं रिटायर होऊन दोन वर्षं झाली त्यांना."

तर सोफा सगळ्यांनी बघावा, पण त्याला कुणी हात लावू नये, एवढीच माझी माफक अपेक्षा. मी दोन्ही घरांच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'नवरीला निवांत वेळ मिळावा म्हणून दहा वर्षांखालील मुलांना कृपया आणू नये.' (खाली जोडलेले हात, तीन वेळा.)

पाचव्या मिनिटाला पल्लवीचा फोन.

"मावशी, काय केलंस हे? स्वातीताईंची परी चार वर्षांची आहे!"

स्वाती म्हणजे तिची होणारी नणंद. लग्न आठ दिवसांवर.

"एकीला सूट दिली की सगळ्या आणतील गं. नियम म्हणजे नियम."

"मावशी, त्या घरात मला जायचंय. तुला नाही."

मी ते हसण्यावारी नेलं. (आता नेणार नाही.)

कार्यक्रमाच्या दिवशी चार वाजता पंचवीस बायका जमल्या आणि लेकरू औषधालाही नाही! काय ती शांतता, काय तो सोफा! मेंदीवाली आल्याबरोबर पहिले हात कुणी पुढे केले असतील? मीच. दोन्ही तळवे भरून घेतले आणि यजमानीण म्हणून हवेत हात धरून मिरवत राहिले. स्वाती आली ती थेट कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसली.

"अहो, सोफ्यावर बसा ना!"

"नको बाई. आम्ही लेकराबाळांची माणसं. कुठं काय लागलं-बिगलं तर!"

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. मग ओटी भरायची वेळ झाली. पल्लवी पाटावर बसली. स्वातीच्या आईनं, म्हणजे होणाऱ्या सासूबाईंनी, नारळ उचलला आणि हात तिथंच थांबला.

"लेकरू कुठंय?"

आमच्याकडं नवरीची ओटी भरण्याआधी तिच्या मांडीवर एखादं लेकरू बसवतात आणि त्याच्या हातात खोबऱ्याची वाटी देतात. त्याशिवाय ओटीला हात लावत नाहीत. ही रीत पल्लवीला कुणी शिकवली? मी! वाटीसुद्धा मीच आणून ठेवली होती. फक्त लेकरांना बंदी घातली होती.

"एवढ्या बाया, आन् एक लेकरू नाय?" सासूबाई म्हणाल्या.

"मावशींचा नियम आहे," स्वाती मोबाईलकडं बघत म्हणाली.

सासूबाईंनी नारळ ताटात परत ठेवला. "मग ऱ्हाऊ द्या. रिकाम्या मांडीवर मी ओटी भरत नसते."

पल्लवीचे डोळे भरून आले. ती माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणते!" मी ओरडले आणि तळवे वर धरून बाहेर पळाले.

समोरच्या घराची बेल कोपरानं वाजवली. "अगं, तुझा धाकटा दे जरा दहा मिनिटं!"

"काकू, माझ्या लेकरांनी तुमच्या उंबऱ्यात पाऊल टाकायचं नाही, असं तुम्हीच म्हणाल्या होत्या ना मागच्या रविवारी?" दार बंद.

खालच्या मजल्यावर कुलूप. आता रस्त्यावर जाऊन कुणाचं तरी मूल मागायचं, एवढंच उरलं होतं! तेवढ्यात गच्चीवरून धबधब आवाज आला. मी धापा टाकत वर गेले.

गच्चीवर चौदा लेकरं! त्यांचे बापही होते. बायकांना गाडीवर सोडून मुलांना घेऊन ते गेटपाशी उन्हात उभे होते, ते आमच्या ह्यांना बघवलं नाही. ह्यांनी सगळी वरात वर आणून पत्र्याच्या सावलीत बसवली आणि कलिंगड कापलं.

"अहो! हे काय?"

"कामून ओरडतीस? तुझा नियम पाळलाय. घरात एक पण लेकरू येऊ दिलं नाही."

मी परीसमोर गुडघे टेकले. "चल बाळा, मामीच्या मांडीवर बसायचंय."

"नाय. तुम्ही येऊ नका म्हणाल्या."

"आता ये म्हणते ना!"

"मग सगळे येणार." हाताची घडी. "आन् सोफ्यावर बसणार. आई म्हणली, लई पांढराय."

"मावशी, ती आईवर गेलीय," तिचा बाप म्हणाला.

मी सगळ्या अटी मान्य केल्या. ह्यांनी मास्तरकी आठवून चौदाही जणांना नळाशी रांगेत उभं केलं, हात-तोंडं धुतली, पुसली आणि खाली पाठवलं. परी मांडीवर बसली, वाटी हातात घेतली, लगेच खोबरं कुरतडायला लागली. सासूबाईंनी ओटी भरली. स्वाती खुर्चीतून उठली, पल्लवीजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "वहिनी, जड झाली तर सांग गं, लई खाते ती." पल्लवी खळखळून हसली. माझा जीव भांड्यात पडला. लेकरं सोफ्यावर ओळीनं बसली होती. त्यांना थोडं सरकवून मी मधे बसले.

सगळे गेल्यावर मी चष्मा लावून सोफा तपासला. तेरा लेकरं बसली होती, पण कलिंगडाचा एक थेंब नाही! मी ह्यांना मोठ्या मनानं शाबासकी देणार होते. तेवढ्यात सोफ्याच्या बरोब्बर मधोमध मला दोन तळवे दिसले. दहाही बोटं स्वच्छ उमटलेली, गडद तपकिरी.

"रंग झकास चढलाय हां," हे म्हणाले.

साबण झाला, लिंबू झालं, काही उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही घरांच्या ग्रुपवर पल्लवीचं हळदीचं आमंत्रण आलं:

'सर्वांनी लेकराबाळांसह अगत्य यावे. मावशीने मात्र हात धुऊन यावे.'