मेव्हण्यांचा दम आणि माझा

मेट्रोचा जिना चढताना मला धाप लागली म्हणून बायकोने मला हृदयाच्या तपासणीला धाडलं. सोबतीला तिचे मोठे भाऊ आले आणि "माझंही बघून घेतो" म्हणत त्यांनीही नाव नोंदवलं. मी तेव्हा बासष्ट वर्षांचा, ते सत्तरचे. मी साताऱ्याचा, बँकेच्या बदलीने चेन्नईत आलो आणि इथल्या एका तंजावर मराठी घराचा जावई झालो. नोकरीभर खुर्ची सोडली नाही. मेव्हणे संरक्षण कारखान्यात फिटर होते, सायकलने कामावर जात आणि निवृत्तीनंतरही रोज पहाटे घराजवळच्या तळ्याच्या बांधावर पळत.

छातीला वायरी चिकटवून आम्हाला आळीपाळीने सरकत्या पट्ट्यावर चालवलं. चढ दुसऱ्यांदा वाढला तेव्हा मी हात वर केला. मेव्हणे मात्र माझ्या दुप्पट वेळ टिकले. खाली उतरले ते नाराज चेहऱ्याने.

"साठाव्या वर्षी याच पट्ट्यावर मी आणखी एक टप्पा गेलो होतो," ते डॉक्टरांना म्हणाले. "एक दिवस चुकवलेला नाही. मग कमी का झालं?"

"वयाबरोबर हृदयाचा जास्तीत जास्त वेग कमी होतो. पळणाऱ्याचाही आणि बसून राहणाऱ्याचाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही दोघंही उतरताय. पण तुम्ही यांच्यापेक्षा फार वरून उतरताय." मग माझ्याकडे बघून त्यांनी, मला सोसेल इतक्या सौम्यपणे, उद्यापासून चालायला सांगितलं.

परतताना मेव्हण्यांनी रिक्षा केली.

"मापिळ्ळै," ते म्हणाले. बहिणीच्या नवऱ्याला ते तमिळ रीतीने अशीच हाक मारतात. "तुम्हाला वाईट वाटलं का?"

"मला कशाचं वाटणार? मला ठाऊकच होतं."

"मला वाटलं. मी समजत होतो, पळत राहिलो तर हे उतरणं थांबेल."

मी त्यांच्याबरोबर तळ्याच्या बांधावर जाऊ लागलो. उकाडा सुरू व्हायच्या आत ते पळून घेत, मी चाले. पहिला महिना दर बाकावर बसलो. वर्षाने पुन्हा तपासणी केली तेव्हा मी एक टप्पा पुढे गेलो होतो आणि ते किंचित मागे आले होते. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. "तुम्ही वर, मी खाली," म्हणाले आणि कॉफी मागवली. मी आनंद दाखवला नाही. त्यांच्या तो लक्षात आलाच असणार.

पुढच्या पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. तीन आठवडे अंथरुणात गेले. न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जात. आता हे उठत नाहीत, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. दोन महिन्यांनी ते बांधावर आले, हळू, पण कुणाचा हात न धरता. डॉक्टर म्हणाले, आजाराने इतरांकडून घेतलं असतं तेवढंच त्यांच्याकडूनही घेतलं. पण त्यांच्यात ते देऊन उरण्याइतका दम होता. त्या खाटेवर मी असतो तर, असा विचार माझ्या मनात आला. तो मी पुढे नेला नाही.

पळणं मात्र सुटलं. त्याचं त्यांना अजून वाईट वाटतं आणि ते तसं सांगतातही. मागून तरुण पळत आले की ते बाजूला होऊन त्यांच्या पावलांकडे बघतात.

"टाच आपटतोय," परवा एकाबद्दल मला म्हणाले. "गुडघे जातील त्याचे. सांगू का?"

"सांगा की," मी म्हटलं.

तोवर तो वळणापलीकडे गेला होता.