अर्धशिशी आणि मिरच्यांचा धूर

माझ्या नातवंडांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं तक्रार करत होतात, की आई हल्ली एकदम चिडते आणि खोलीतले दिवे मालवून पडून राहते. मला ज्या वयात अर्धशिशीनं गाठलं, त्याच वयाला तुमची आई, माझी लेक, आता आली आहे. तुम्हीही आता कॉलेजात जाता. तेव्हा हे तुम्हाला माझ्याकडूनच कळलेलं बरं.

पाळी कायमची थांबण्याआधी काही वर्षं शरीरातली हार्मोन्स कमी-जास्त होत राहतात. माझी पाळी कधी पंधरवड्यात यायची, कधी दोन-तीन महिने यायचीच नाही. आली, की डाव्या डोळ्यामागे ठणका सुरू. उजेड नको, आवाज नको, वास तर मुळीच नको. कसबा बावड्यात आमच्या घराजवळच्या गुऱ्हाळावर रस उकळायला लागला, की त्या गोड वासानं मला उलटी व्हायची. वर्गात इंग्रजी शिकवताना मध्येच अंगातून गरम वाफा निघायच्या आणि पुढच्या बाकावरच्या पोरी पंखा वाढवायला उठायच्या.

त्याच सुमारास शाळेनं मला मुख्याध्यापिका करायचं ठरवलं. मला ते पद मनापासून हवं होतं. तुमच्या आजोबांना मात्र वाटत होतं, तब्येत अशी असताना नकार द्यावा. संस्थेचे सचिव होकार विचारायला घरी आले, त्या संध्याकाळी माझं डोकं फुटायला आलं होतं.

माझ्या सासूबाईंचं, म्हणजे तुमच्या पणजीचं, निदान ठाम होतं: पदाची बातमी फुटली आणि गल्लीची नजर लागली. पाहुणे बाहेरच्या सोप्यात बसलेले असतानाच त्यांनी माझ्यावरून मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या उतरवल्या आणि शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकल्या. नजर खरी असली तर ठसका लागत नाही, असं आमच्याकडे मानतात. धूर थेट सोप्यात गेला. आजोबा खोकले, सचिव खोकले, मी मोरीकडे धावले.

परत आले तर सासूबाई दारात उभ्या.

“पावणं, ठसका लागला न्हवं तुमास्नी?”

“लागला की, आजी! जीव गेला!”

“म्हंजे नजर न्हाय.” त्या जरा हिरमुसल्याच. “मग हिला झालंय तरी काय?”

आजोबांनी घसा साफ केला. “तब्येतच साथ देत नाही तिची. त्यामुळं पदाचं...”

“माझी पाळी जायची वेळ आली आहे,” मी म्हटलं. सोप्यात, परक्या पुरुषासमोर. “म्हणून अर्धशिशी होते. औषध चालू आहे. पुढे हे ओसरेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्यात. पद मी घेणार आहे.”

सचिवांनी चहाचा कप खाली ठेवला. आधी बोलल्या त्या सासूबाईच.

“एवढंच व्हय! मग सांगायचं की गं आधी. मला बी व्हायचं. म्हशींच्या गोठ्यात अंधारात जाऊन बसायची मी. तुझा सासरा म्हणायचा, म्हशींवरच माया हाय हिची!” मग लेकाकडे वळून, “आनि तू रं? तुझी दाढ दुखली की घर डोक्यावर घेतोस, आनि हिच्या वतीनं न्हाय म्हनतोस?”

त्या खुर्चीवर मी निवृत्त होईपर्यंत बसले. ठणका वाढायच्या आत गोळी, वेळेवर जेवण, वेळेवर झोप ही शिस्त मोडली नाही. कधी ऑफिसचे पडदे ओढून थोडा वेळ पडले, तर बाहेर कारण स्पष्ट सांगितलं. मग एकेक करून इतर शिक्षिकाही बोलायला लागल्या. मला माझा अभिमान वाटतो आणि तो लपवायचं कारण मला दिसत नाही.

पाळी गेली, काही वर्षांनी अर्धशिशीही गेली. सासूबाईही आता नाहीत. त्या संध्याकाळनंतर त्यांनी घालून दिलेला नियम मात्र अजून आहे: घरात कोणाचं डोकं दुखत असेल, तर त्या वेळी गॅसवर फोडणी पडत नाही. गेल्या आठवड्यात तुमच्या मामीला त्रास झाला, तेव्हा आजोबांनी सगळ्यांना दहीभात कालवून वाढला.